फलाट क्रमांक आणि गाडी बदल : दादरची सलग मोजणी, ‘ए’ लावलेले फलाट आणि बाकीच्या भानगडी

रूळवाट (धागाकर्ता)

दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळून फलाटांची मोजणी सलग १ ते १४ झाली. तरी ‘सहा नंबरला ये’ हा निरोप अजूनही दोन माणसांना दोन ठिकाणी उभं करतो. एकाच्या डोक्यात पश्चिमेचा ६ असतो, दुसऱ्याच्या डोक्यात मध्यचा जुना ६, जो आता १२ आहे. म्हणून हा धागा. फलाटांचे क्रमांक ठरतात कसे, कुठे घोळ होतो आणि गाडी बदलताना नेमकं काय बघायचं, एवढंच इथे लिहू. उशीर आणि गर्दीबद्दलचा त्रागा दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात दादरच्या हिशेबाने. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ होते तसेच राहिले. मध्यचा जुना १ झाला ८. जुना २ उरलाच नाही. जुना ३ झाला ९, ४ झाला १०, ५ झाला ११, ६ झाला १२, ७ झाला १३ आणि ८ झाला १४. जुना आकडा तोंडात बसलेल्यांसाठी सोपं गणित: १ असेल तर ७ मिळवा, ३ ते ८ असेल तर ६ मिळवा.

मिळवायचा आकडा मध्येच बदलतो तो जुन्या २ मुळे. त्या फलाटावरून दादरहून सुटणाऱ्या लोकल निघायच्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तो मार्ग बंद करून ती जागा १ नंबरच्या रुंदीकरणाला दिली, फलाट ७ मीटरवरून साडेदहा मीटर करायला. तिथल्या ११ अप आणि ११ डाऊन फेऱ्या परळला गेल्या. म्हणजे नव्या मोजणीच्या आधीच एक आकडा गळून पडला होता. नवी मोजणी करताना तो भरून काढला, रिकामा ठेवला नाही.

खडी

चांगला विषय. एक भर घालतो. सलग मोजणी झाली तरी रेल्वेच्या लेखी दादर अजूनही दोन स्थानकं आहेत. मध्यचा कोड डीआर, पश्चिमेचा डीडीआर. आरक्षण करताना दोन्ही वेगवेगळे दिसतात. सावंतवाडीची तुतारी आणि पुदुच्चेरीची चालुक्य डीआरवरून, बिकानेरची राणकपूर डीडीआरवरून. तिकिटावरचा कोड वाचला की फलाट १ ते ७ मध्ये शोधायचा की ८ ते १४ मध्ये, हे घरातून निघतानाच कळतं. मुंबईबाहेरून येणाऱ्यांना आम्ही पहिलं हेच सांगतो.

पासधारक_डोंबिवली

सलग मोजणी बरी की वाईट? माझ्या मते बरीच. पण अर्धीच. मुंबई सेंट्रलचं काय? लोकलचे ४ फलाट आणि मेनचे ५ फलाट, दोन्हींची मोजणी १ पासून. रिक्षा-टॅक्सीतून उतरणारा माणूस ‘तीन नंबर’ विचारतो आणि लोकलच्या तीनवर जाऊन राजधानीची वाट बघत बसतो.

खडी

मुंबई सेंट्रलला मुळात दोन वेगळ्या इमारती आणि दोन कोड आहेत. मेनचा एमएमसीटी, लोकलचा बीसीएल. मेन हे टर्मिनस आहे, रूळ तिथे संपतात. लोकलचे फलाट बाजूला असून गाड्या चर्चगेटकडे पुढे जातात. त्यामुळे दोन मालिका असण्यामागे कारण आहे, पण प्रवाशाला त्या कारणाचा उपयोग शून्य. पाटीवर ‘मेन ३’ आणि ‘लोकल ३’ असं ठळक लिहिलं तरी निम्मा घोळ मिटेल.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे कुर्ला. कुर्ला स्थानकात १ ते ६ मेन लाईन, ७ आणि ८ हार्बर. लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं, त्याचे फलाट पुन्हा १ पासून. लोक दोन्हींना ‘कुर्ला’च म्हणतात. टर्मिनसला जायचं असेल आणि हार्बरने येत असाल तर टिळकनगरला उतरा, ते जवळ आहे. कुर्ल्याला उतरून सामानासकट रिक्षा शोधण्यात काही अर्थ नाही.

नवखा_प्रवासी

थोडा मूलभूत प्रश्न. फलाटाचा नंबर म्हणजे रुळाचाच नंबर ना? मग एक रूळ काढला तर नंबर बदलायची गरज का पडते, आणि कधी नुसता ‘ए’ लावून का भागवतात?

सिग्नलमागे

नाही, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो.

भारतात फलाट क्रमांक दिला जातो फलाटाच्या कडेला, म्हणजे जिथून माणूस गाडीत चढतो त्या काठाला. मधल्या एका फलाटाला दोन काठ असतील तर त्याला दोन क्रमांक मिळतात. दोन्हीकडे पाट्या, मध्ये एकच छप्पर. रुळांची मोजणी वेगळी असते. स्टेशन मास्तरच्या पॅनेलवर मार्ग लावतात तो रूळ क्रमांकावरून, आणि यार्डातल्या प्रत्येक रुळाला क्रमांक असतो, मग त्याला फलाट असो वा नसो.

नेहमीचं उदाहरण म्हणजे दुहेरी मार्गावरचं छोटं स्थानक. चार रूळ. मधले दोन मुख्य मार्ग, त्यांना फलाट नाही, न थांबणाऱ्या गाड्या तिथून जातात. दोन्ही बाजूंना एकेक लूप (गाडी बाजूला घ्यायचा रूळ), त्यांना फलाट. रूळ झाले १, २, ३, ४ आणि फलाट झाले १ आणि २. आता ४ नंबरच्या रुळावर घेतलेली गाडी लागली फलाट २ वर. कर्मचारी आपसात ‘चारला घेतली’ म्हणतात, उद्घोषणेत दोन ऐकू येतं, आणि दोघांचंही बरोबर असतं.

उलट प्रकार म्हणजे एकाच रुळाच्या दोन्ही बाजूंना फलाट. त्याला डबल डिस्चार्ज म्हणतात. डब्याची दोन्हीकडची दारं वापरता येतात आणि फलाट लवकर रिकामा होतो. इथे रूळ एक, काठ दोन, म्हणून क्रमांकही दोन. ठाण्याला ट्रान्स हार्बरकडे (ठाणे-वाशी मार्ग) १० आणि १०ए आहेत ते असेच. इंडिकेटरवर १० दिसला आणि तुम्ही १०ए वर उभे असाल तरी गाडी तीच. कोणत्या बाजूने चढायचं एवढाच फरक.

आता ‘ए’ का? समजा १० फलाट आहेत आणि ४ च्या शेजारी नवा काठ तयार झाला. त्याला ५ म्हटलं तर पुढचे सगळे सरकतात. सरकले की काय काय बदलावं लागतं ते बघा: फलाटावरच्या आणि पुलावरच्या पाट्या, प्रत्येक जिन्याच्या तोंडाचे बाण, इंडिकेटरची सेटिंग, ध्वनिमुद्रित उद्घोषणा, डब्यांची जागा दाखवणारे फलक, गाडी कुठे आहे ते सांगणाऱ्या प्रणालीतली माहिती, कॅमेऱ्यांची नावं, स्टॉलचे पत्ते, शिवाय त्या स्थानकाच्या कामाचे लेखी नियम. त्यापेक्षा ४ए लावणं स्वस्त पडतं. म्हणून चेन्नई सेंट्रलला २ए आहे. आखूड फलाट, छोट्या गाड्यांसाठी.

रूळवाट

हे वाचून एक लक्षात येतं. दादरला आकडे बदलले, पण रूळ तिथेच होते. म्हणजे जो खर्च झाला तो मुख्यतः पाट्यांचा आणि सवयीचा.

सिग्नलमागे

सवयीचा जास्त. पाट्या एका रात्रीत बदलतात.

थेम्सकाठ

‘ए’ टाळायची आणखी एक पद्धत इथे ब्रिटनमध्ये दिसते, ती म्हणजे शून्य. लंडनच्या किंग्ज क्रॉसला २०१० मध्ये १ च्या अलीकडे नवा फलाट झाला, त्याला ० दिला. कार्डिफ आणि लीड्सलाही ० आहे. कारण तेच, बाकीचे आकडे हलवायचे नाहीत. गंमत म्हणजे किंग्ज क्रॉसलाच नंतर, २०२१ च्या कामात, जुना १० बंद झाला आणि ११ ला १० म्हणू लागले. म्हणजे दादरचा जुना २ आणि तिथला जुना १० एकाच वाटेने गेले.

जपानमधल्या क्योतोला तर ० आहे पण १ नाही. १ क्रमांकाचा रूळ आहे, पण तो मालगाड्यांसाठी, त्याला फलाट नाही. तिथे फलाटाचा आकडा रुळावरून येतो. १४ नंतर एकदम ३० ते ३४. मधले आकडे शोधत फिरू नका, ते नाहीतच.

पासधारक_डोंबिवली

शून्य नंबर आपल्याकडे नको बाबा. ‘शून्यावर गाडी आली’ असं भोंग्यातून ऐकू आलं तर लोक उद्घोषणा करणाऱ्यालाच फोन लावतील.

मिरजमार्गे

लांबी हाही एक भाग आहे. एकाच लांब फलाटाला दोन आकडे देतात तेही इथे यायला हवं. खडगपूरला १ आणि ३ एकाच रांगेत, एकाच्या पुढे दुसरा. २ आणि ४ ही तसेच. म्हणून १ वरून ३ वर जायला पूल चढायचा नाही, सरळ चालत जायचं. ती लांबी १,०७२ मीटर. गोरखपूरला १ आणि २ मिळून १,३६६ मीटर. हुबळीचा ८ नंबर १,५०७ मीटरचा आहे, २०२३ पासून तोच सर्वात लांब.

अशा ठिकाणी नुसता नंबर बरोबर असून भागत नाही, टोक कोणतं हे महत्त्वाचं. एलएचबीचा, म्हणजे नव्या बनावटीचा, एक डबा साधारण २४ मीटर. २२ डब्यांची गाडी इंजिनासकट साडेपाचशे मीटरच्या आसपास जाते. सामान घेऊन चालायला सात-आठ मिनिटं, गर्दीत दहा. १२ डब्यांची लोकल अडीचशे मीटर आणि १५ डब्यांची सव्वातीनशेच्या आत, म्हणून लोकलवाल्यांना हा फरक जाणवत नाही.

नवखा_प्रवासी

मोजणी सुरू कोणत्या बाजूने होते याला काही नियम आहे का?

खडी

ढोबळ रीत अशी की मुख्य इमारतीच्या बाजूला १. पुण्यात तसंच आहे. नवी दिल्लीत पहाडगंजकडे १ आणि अजमेरी गेटकडे १६. म्हणून दिल्लीत कोणत्या बाजूने आत शिरायचं हे आधी ठरवून रिक्षा करायची. चुकीच्या बाजूला उतरलात तर सगळे सोळा फलाट पुलावरून ओलांडायचे.

मुंबईच्या मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे आकडा वाढतो. दादर, कुर्ला, ठाणे, सगळीकडे १ पश्चिमेला. पनवेलला १ ते ४ लोकल आणि ५ ते ७ लांब पल्ल्याच्या. सीएसएमटीला १ आणि २ हार्बर, ३ ते ७ मेन लाईनच्या लोकल, ८ ते १८ लांब पल्ल्याच्या. हे गट पाठ असले की नुसता नंबर ऐकून कोणत्या दिशेला वळायचं ते कळतं. सीएसएमटीला मोठ्या आकड्याची गाडी असेल तर पी. डिमेलो रोडकडून आत जाणं सोयीचं. लोकलच्या बाजूने शिरलात तर अख्खा दर्शनी भाग ओलांडावा लागतो.

बिनडब्याचं_इंजिन

फलाट ऐनवेळी का बदलतात त्यावरही कुणीतरी लिहा. बहुतेकांना वाटतं की मुद्दाम छळतात.

सिग्नलमागे

छळ नाही, पर्याय कमी असतात. कारणं साधारण अशी.

एक, आधीच्या गाडीला उशीर. ठरलेला फलाट तिने अडवलेला असतो. दुसरं, लांबी. २४ डब्यांची गाडी १८ डब्यांच्या फलाटावर घेतली तर मागचे डबे बाहेर राहतात. सीएसएमटीचे १० आणि ११ वाढवायला जून २०२४ मध्ये ३६ तासांचा ब्लॉक (कामासाठी वाहतूक बंद) घेतला होता तो याचसाठी. तिसरं, पाणी. डब्यांत पाणी भरायची नळजोडणी सगळ्या फलाटांवर नसते. जिथे पाणी भरायचंच आहे तिथे गाडीला ठराविक फलाटच लागतो. चौथं कारण लोकांना दिसत नाही, पण बऱ्याचदा तेच असतं: आडवं जाणं. पूर्वेच्या टोकाच्या फलाटावरून पश्चिमेच्या मार्गाला लागायचं तर मधले सगळे रूळ कापत जावं लागतं. तेवढा वेळ त्या रुळांवर समोरून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. गर्दीच्या वेळी ते परवडत नाही, म्हणून गाडी जवळच्या बाजूला घेतात.

तेव्हा फोनवर आधी दिसणारा फलाट म्हणजे अंदाज. गाडी शेवटच्या सिग्नलजवळ आली की खरा आकडा ठरतो. तोपर्यंत पुलावर किंवा मधल्या मोकळ्या जागेत थांबणं शहाणपणाचं. पण जिन्याच्या तोंडाशी उभं राहू नका. उद्घोषणा झाली की तिथेच सगळे एकदम वळतात.

खडी

या शेवटच्या वाक्याला दुजोरा. नुसता आकडाच नाही, नावंही सारखी असली की धोका वाढतो. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्लीत चेंगराचेंगरी झाली. १४ नंबरवर प्रयागराज एक्सप्रेसची गर्दी होती, आणि १६ वर ‘प्रयागराज स्पेशल’ येत असल्याची उद्घोषणा झाल्यावर लोकांचा गोंधळ उडाला, असं पोलिसांचं प्राथमिक म्हणणं होतं. १८ जण गेले. गाडी ओळखायची ती पाच आकडी क्रमांकाने. नाव ऐकून धावायचं नाही.

पासधारक_डोंबिवली

आता मूळ मुद्दा, गाडी बदल. दादर टाळता येत असेल तर टाळा, एवढंच म्हणेन. पर्याय सांगतो.

मध्यवरून अंधेरीकडे जायचं असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो १. वर्सोव्यापर्यंत जाते आणि पूल थेट स्थानकातून आहे. तिकीट मात्र वेगळं, रेल्वेचा पास चालत नाही. वांद्रे, अंधेरी, गोरेगाव हवं असेल आणि गडबड नसेल तर हार्बर धरा: कुर्ल्याला ७-८ वर जाऊन सीएसएमटीकडची गाडी, वडाळा रोडला बदल, तिथून गोरेगावकडची. वडाळ्याला मार्ग फुटतो, तेव्हा डब्यात बसण्याआधी इंडिकेटर दोनदा वाचा.

डोंबिवली-दिव्याकडून वसईला जाणाऱ्यांनी तर मुंबईत शिरूच नये. कोपरला मेन लाईन खाली आणि दिवा-वसई मार्ग वर. जिना चढला की वरच्या फलाटावरून मेमू (कमी अंतराची विजेवरची गाडी) मिळते. फेऱ्या मात्र थोड्या, म्हणून वेळापत्रक बघूनच निघा. एक चुकली तर दादरमार्गे गेलेला आधी पोचतो.

रूळवाट

संडहर्स्ट रोडही तसंच दुमजली. मेन लाईन खाली, हार्बर वर. मेनवरून हार्बरला बदल करायला मशीद किंवा सीएसएमटीपेक्षा ते मोकळं असतं. खाली फक्त धीम्या थांबतात हे लक्षात ठेवा.

मिरजमार्गे

परळ-प्रभादेवी कसं? धीम्या ते धीम्या बदलायला?

खडी

दोन्हीकडे धीम्या गाड्या, म्हणून हिशेब जुळतो. परळहून ३ मार्च २०१९ पासून लोकल सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता दादरपेक्षा बरी. पण पूल हा तिथला नाजूक भाग आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला, नाव एल्फिन्स्टन रोड असताना, पावसात अरुंद जिन्यावर गर्दी अडकली आणि २३ जणांचे जीव गेले. त्यानंतर लष्कराने बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. आता जिने वेगवेगळ्या टोकांना आहेत. ज्या डब्यात बसलात त्याच्या जवळचा जिना वापरा, ‘आपला नेहमीचा’ म्हणून उलटं चालत येऊ नका.

माटुंगा आणि माटुंगा रोड मात्र बदलाचं ठिकाण समजू नका. नावं जुळतात, स्थानकं वेगळी. मध्ये झेड ब्रिज हा पादचारी पूल आहे, चालायची तयारी असेल तर जमतं.

नवखा_प्रवासी

दादरला मध्यवरून पश्चिमेला जाताना तिकीट पुन्हा काढायचं का? आणि लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून दुसरी पकडायची असेल तर किती वेळ धरायचा?

पासधारक_डोंबिवली

लोकलचं तिकीट एकच. कल्याण ते बोरिवली काढलं की त्यावर दादरमार्गे येतं, तेच दोन्हीकडे चालतं. पाससुद्धा मार्गासकट निघतो. सोडायला आलेल्यांनी फलाट तिकीट घ्यायचं, १० रुपये, २ तास.

वेळेचा हिशेब असा. लोकल ते लोकल, पुलाच्या जवळचा डबा असेल तर ५ ते ७ मिनिटं, संध्याकाळी १२ धरा. लांब पल्ल्याची ते लांब पल्ल्याची, दादरमध्येच, सामान आणि म्हातारी माणसं असतील तर अर्धा तास नुसता चालण्या-चढण्याचा. गाडीच्या उशिराचा वेगळा. सरकते जिने बहुतेक वर जाणारे असतात, उतरताना बॅगा हाताने घ्याव्या लागतात. लिफ्ट कोणत्या फलाटाला आहे ते आधी विचारून ठेवा.

बिनडब्याचं_इंजिन

दोन आरक्षित तिकिटं असतील तर पीएनआर जोडून घ्या. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापणी न होता मिळतात. दोन्ही तिकिटांवरचे प्रवासी तेच असावे लागतात. ई-तिकीट असेल तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून ३ तासांच्या आत टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरायचा. जोडणी तिकीट काढतानाच करायची असते. गाडी चुकल्यावर फोन उघडून उपयोग नाही.

थेम्सकाठ

वांद्रे टर्मिनसवर कुणी लिहिलं नाही. बाहेरून येणारे पाहुणे तिथेच सर्वात जास्त चुकतात.

खडी

बरोबर. वांद्रे स्थानकाचा कोड बीए, टर्मिनसचा बीडीटीएस. दोन्हींमध्ये चालणं बरंच आहे. २०२३ मध्ये खार रोडच्या बाजूने टर्मिनसला जोडणारा पादचारी पूल झाला, ३१४ मीटर लांब आणि ४.४ मीटर रुंद. त्यामुळे लोकलने खारला उतरून पुलावरून सरळ टर्मिनसच्या फलाटांवर जाता येतं, रिक्षावाल्याशी हुज्जत नको. अट एकच: खारला जलद लोकल थांबत नाही. विरारकडून जलद गाडीने येत असाल तर अंधेरीला धीमीत बदला. चर्चगेटकडून येत असाल तर सुरुवातीपासून धीमीच पकडा.

पासधारक_डोंबिवली

मेट्रोच्या नावांबद्दलही एक सूचना लिहून टाकतो. ‘अंधेरी पश्चिम’ मेट्रो स्थानक (मेट्रो २ए) अंधेरी रेल्वे स्थानकाला लागून नाही. ते मेट्रो १ च्या डी. एन. नगरला जोडलेलं आहे. तसंच मेट्रो ७ चं गुंदवली जोडलंय मेट्रो १ च्या पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला. दोन ठिकाणांची नावं वेगळी, म्हणून नकाशात बदल दिसतच नाही. चालवणाऱ्या संस्था वेगळ्या, त्यामुळे एका मेट्रोतून बाहेर पडून दुसरीत पुन्हा शिरावं लागतं. मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि ३ चं नाव तरी एकच आहे, पण एक वर आणि दुसरी जमिनीखाली. सरकत्या जिन्यांचे टप्पे मोजून वेळ धरा.

रूळवाट

सगळं मुंबईचंच होतंय. बाकी महाराष्ट्रातले घोळ सांगा.

मिरजमार्गे

आमच्याकडचा घोळ नंबरचा नाही, दिशेचा. कोल्हापूरहून पुण्या-मुंबईकडे जाणारी गाडी मिरजेला तोंड फिरवते. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. महालक्ष्मी, कोयना, दोन्हींचं तेच. परिणाम असा की मुंबईहून निघताना इंजिनाजवळ असलेला डबा कोल्हापूरला शेवटी असतो. घ्यायला येणारे पुढे थांबतात आणि माणूस मागे उतरतो. मिरजेनंतरच्या स्थानकांवर उभे असाल तर डब्यांचा क्रम उलटा धरा. इंजिन फिरवायला मोकळा रूळ लागतो, म्हणून अशा गाड्यांना सगळे फलाट सारखे चालत नाहीत. सिग्नलमागे यांनी दिलेल्या कारणांत हे पाचवं.

सिग्नलमागे

मान्य, ते राहिलं होतं. दौंडलाही हेच होतं. पुण्याहून येऊन मनमाडकडे जायचं तर मनमाडचा मार्ग पुण्याच्याच बाजूला फुटतो, त्यामुळे दौंडला गाडी उलटी करावी लागायची. सोलापूरहून मनमाडला जाणारी मात्र सरळ जाते. आता कॉर्ड लाईन (दोन मार्गांना थेट जोडणारा रूळ) झाल्यामुळे पुण्याहून मनमाडकडच्या काही गाड्या मुख्य दौंड स्थानकात येतच नाहीत, ‘दौंड कॉर्ड लाईन’ नावाच्या वेगळ्या स्थानकावर थांबतात.

नवखा_प्रवासी

म्हणजे दौंडला उतरून सोलापूरची गाडी पकडायची असेल तर?

सिग्नलमागे

तर आधी बघा की पहिली गाडी कुठे थांबते. तिकिटावर डीडीसीसी असेल तर ते कॉर्ड लाईन स्थानक, तिथून मुख्य स्थानकात रिक्षाने जावं लागेल. रात्रीची गाडी असेल तर तो बदल दौंडला ठेवूच नका, पुण्यातच करा. सोलापूरकडच्या बहुतेक गाड्या पुण्यावरूनच जातात, आणि पुण्यात फलाट सहाच आहेत.

बिनडब्याचं_इंजिन

पाटी चुकीची असेल, बाण उलटा असेल किंवा इंडिकेटर बंद असेल तर १३९ वर किंवा ‘रेल मदत’ ॲपवर तक्रार टाका. लिहिताना नुसतं ‘दादर, फलाट ६’ लिहू नका. डीआर की डीडीआर, फलाटाचा आताचा क्रमांक, पुलाच्या उत्तरेला की दक्षिणेला, आणि जमल्यास जवळच्या विजेच्या खांबावरचा आकडा. तो आकडा दिला की माणूस नेमका त्याच जागी जातो.

रूळवाट

खांबाच्या आकड्याची सूचना वर मूळ धाग्यात जोडतो. नागपूर, भुसावळ आणि मनमाडवर माहितगारांनी लिहावं. मनमाडला मार्ग फुटताना फलाट कसे वाटलेत ते इथे अजून कुणी लिहिलेलं नाही.